लावून बघू

भिंत पूर्ण खरवडून झाल्यावर धाकट्याच्या लक्षात आलं, की तिचा रंग कोणता होता हे आपण कुणाला विचारलेलंच नाही.

वरच्या काकांच्या न्हाणीघरातला पाइप फुटला होता. पाणी झिरपत खाली आलं आणि बैठकीच्या खोलीतली एकुलती एक रंगीत भिंत जागोजागी फुगली. बाकीच्या तिन्ही भिंती पांढऱ्या. रंगीत भिंतीला टेकून बाबांची खुर्ची असायची. बाबा जाऊन सात महिने झाले होते, खुर्ची जागची हललेली नव्हती. त्यामुळे भिंतही होती तशीच झाली पाहिजे, यावर घरात एकमत होतं. बाबा जन्मभर लोकांची घरं रंगवत आले होते. धाकटा बँकेत कामाला असला तरी रंगाऱ्याचा मुलगा होता. "मला कुणी शिकवायची गरज नाही," असं म्हणत त्याने रविवारी सकाळी खरवडायचा पत्रा हातात घेतला आणि दुपारपर्यंत भिंतीचं पार हाड दिसायला लागलं. खपल्या त्याने पोत्यात भरल्या. आईला घरात कचरा खपत नाही, तिने पोतं ताबडतोब कचऱ्याच्या गाडीत दिलं.

"आता शेवाळी रंग आणायचा, झालं," आई हात झटकत म्हणाली.

"शेवाळी?" धाकटा म्हणाला. "आई, भिंत राखाडी होती."

"राखाडी तुझं डोकं. तीस वर्षं मी त्या भिंतीसमोर बसून भाजी निवडली."

शेजारच्या इमारतीत राहणारी आत्या रोज संध्याकाळी चहाला यायची. त्या दिवशीही आली, उघडी भिंत बघून तिने छातीशी हात नेला आणि म्हणाली, "अगं बाई, दादाची निळी भिंत कुठे गेली?"

सोमवारी थोरलीला फोन आला तेव्हा ती ऑफिसात एका कादंबरीची मुद्रितं तपासत होती. "ताई, तूच सांग," धाकटा म्हणाला, "रंग कोणता होता?"

"फोटोत बघ ना."

"बघितले. वाढदिवसाच्या फोटोत पिवळी दिसते, दिवा लावला होता. आत्याच्या फोनमध्ये निळी दिसते, पण तिच्या फोनमध्ये मीसुद्धा निळा दिसतो. तू नुसते डोळे मिट आणि सांग."

"मी संध्याकाळी येते," थोरली म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

डोळे मिटून सांगण्यात तिची एक अडचण होती. ती तिने अजून घरात कुणाला सांगितली नव्हती, कारण तिलाच ती महिन्यापूर्वी कळली होती. ऑफिससमोरच्या इमारतीत विद्यापीठाची एक प्रयोगशाळा होती. तिथल्या एक मॅडम माणसाला मनातल्या मनात चित्रं किती स्पष्ट दिसतात आणि त्याचा जाणिवेशी काय संबंध, यावर संशोधन करत होत्या. त्यांना माणसं कमी पडत होती, म्हणून त्या जेवणाच्या सुट्टीत दिसेल त्याला हाताला धरून नेत. त्यांनी थोरलीला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "डोळे मिटा. अगदी जवळच्या माणसाचा चेहरा समोर आणा. समोर बसल्याइतका स्पष्ट दिसला तर पाच गुण. काहीच दिसलं नाही, तो नुसता माहीत आहे, एवढंच असलं तर एक."

थोरलीने डोळे मिटले. अंधार होता. तसा तो नेहमीच असायचा. "एक," ती म्हणाली. मग सूर्योदयाला एक, घराच्या दाराला एक, सफरचंदाला एक.

"खरंच काही दिसत नाही?" मॅडमचा आवाज आनंदाने चढला.

"म्हणजे बाकीच्यांना खरंच दिसतं?"

'डोळ्यासमोर येतं' ही नुसती बोलायची रीत आहे, असं ती जन्मभर समजत आली होती. पोटात कावळे ओरडतात म्हणून कुणी पोटाला कान लावत नाही, तसंच हे. कादंबरीतली निसर्गवर्णनाची पानं लोक कशासाठी वाचतात, हे तिला कधी कळलं नव्हतं. आत्ता कळलं. त्याबद्दल तिला वाईट वाटलं नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. गेले सहा महिने आई म्हणत होती, "हे डोळ्यासमोरून हलत नाहीत गं." आत्या म्हणत होती, "डोळा मिटला की दादा हजर." धाकटाही एकदा म्हणाला होता, जिन्यात बाबा दिसले म्हणून. थोरली मान हलवायची आणि मनात म्हणायची, सगळे शोभेसाठी बोलतात. आता कळलं की बाबा खरोखरच घरभर सगळ्यांना भेटत होते. फक्त तिच्याकडे आले नव्हते.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा भांडण चांगलं रंगात आलं होतं. धाकट्याने दुकानातून तीन छोटे डबे आणून भिंतीवर तीन पट्टे ओढले होते. शेवाळी बघून आई म्हणाली, "असला नाही, जरा मवाळ." निळा बघून आत्या म्हणाली, "हा कसला निळा? हा दवाखान्याचा निळा." राखाडी बघून धाकटा स्वतःच म्हणाला, "जवळपास आहे, पण यात जीव नाही." दुसऱ्या दिवशी त्याने आणखी डबे आणले. तिसऱ्या दिवशी तो दुकानात शिरताच दुकानदार उठून म्हणाला, "आज कुणाचं ठरलं?" आठवड्याच्या शेवटी भिंत भांडखोर देशांच्या नकाशासारखी दिसायला लागली आणि आत्याने चहा बंद केला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

हे मात्र आईला सहन झालं नाही. "भिंत गेली चुलीत," ती थोरलीला म्हणाली, "पण हे असते तर तिला असं उपाशी जाऊ दिलं असतं का? काहीतरी कर. तू शिकलेली आहेस."

इथे थोरलीकडून चूक झाली. ती म्हणाली, "माझ्या ऑफिससमोर एक मॅडम आहेत. कुणाला मनातलं किती स्पष्ट दिसतं, हे त्या मोजतात."

धाकट्याने टेबलावर थाप मारली. "बोलाव त्यांना! ज्याचे गुण जास्त, त्याचा रंग."

"असं नसतं रे ते."

"नसेना. निकाल तरी लागेल."

मॅडम पुढच्या शनिवारी आल्या. एका घरात तीन माणसं, एकच भिंत आणि तीन आठवणी, हे ऐकल्यावर त्या आल्या नसत्या तरच नवल. त्यांच्या हातात एक टॅब होता, त्यावर बोट फिरवलं की रंग बदलत जायचा. निकाल आपल्याच बाजूने लागणार याची खात्री असल्यामुळे आत्याही आली होती, ठेवणीतली साडी नेसून.

"डोळे मिटा," मॅडम म्हणाल्या. "खुर्चीत बसलेले भाऊ समोर आणा. किती स्पष्ट दिसतात?"

"पाच," आत्या म्हणाली. "सदऱ्याचं दुसरं बटण तुटलंय. मी त्याला म्हणतेय, काढ, लावून देते. तो ऐकत नाहीये."

"आणि मागची भिंत?"

"पाच. निळी."

आईलाही पाच. आईला बाबांच्या कानामागे राहिलेला चुन्याचा ठिपकासुद्धा दिसत होता. धाकट्यालाही पाच. तिघांनी टॅबवर आपापला रंग निवडला. एक शेवाळी, एक निळा, एक राखाडी. मॅडम तीनही रंग शेजारी ठेवून इतक्या खूश झाल्या, की त्यांनी दुसरा कप चहा मागून घेतला.

"मग बरोबर कोण?" धाकट्याने विचारलं.

"ते नाही सांगता येणार. ठळक दिसणं वेगळं आणि बरोबर दिसणं वेगळं. आठवण म्हणजे फोटो नव्हे. मन दर वेळी नवं चित्र काढतं आणि जुनं म्हणून दाखवतं."

आत्याने कप बशीत आपटला. "म्हणजे मी खोटं बोलते?"

"नाही हो, तुम्हाला खरंच दिसतं. ते तसं होतंच असं नाही, इतकंच."

"चाळीस किलोमीटरवरून येऊन या बाई मला माझा भाऊ शिकवणार!"

"बारा किलोमीटर," मॅडम म्हणाल्या. त्यामुळे काही मदत झाली नाही.

"ताईचे गुण राहिले की," धाकटा म्हणाला. "तिला विचारा. तिचा कौल शेवटचा."

मॅडमनी थोरलीकडे पाहिलं. त्यांना तिचे गुण माहीत होते, पण एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा त्यांचा नियम होता. त्या टॅब पुसत बसल्या. सगळे वाट बघत होते. खोटं बोलावं तर भिंतीचा खोटा रंग ठरणार होता.

"मला एक मिळाला," थोरली म्हणाली. "मला दिसत नाही. भिंत नाही, काहीच नाही."

"काहीच म्हणजे?" आईने विचारलं.

"म्हणजे बाबासुद्धा नाही."

मग आत्या, जी मनाने वाईट नव्हती पण जिच्या मनात आणि तोंडात दार नव्हतं, ती म्हणाली, "सख्ख्या बापाचा चेहरा दिसत नाही? मला तर तुमचा कुत्रासुद्धा दिसतो, आणि तो जाऊन वीस वर्षं झाली!"

"आत्या!" धाकटा ओरडला.

थोरलीने पाणी प्यायचं निमित्त केलं आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. नेमकी याच वेळी दारावरची घंटा वाजली आणि वरचे काका आत आले. पाइप फुटल्यापासून ते रोज माफी मागायला यायचे. आज बिस्किटांचा पुडा घेऊन आले होते. त्यांनी नकाशा झालेली भिंत पाहिली, बसलेल्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि वातावरण हलकं करावं म्हणून म्हणाले, "मला विचाराल तर ती गुलाबीसर होती."

"गुलाबी?" तिघं एकदम ओरडले. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. "या भिंतीवर गुलाबी कधी नव्हता!"

"नव्हता कसा? मी पत्ते खेळायला यायचो तेव्हा समोर तीच असायची. संध्याकाळी थोडी गुलाबी मारायची. तुमचं गुणांचं जिन्यापर्यंत ऐकू आलं, मलापण पाच द्या."

मॅडमनी टॅब पुन्हा उघडला.

थोरली भिंतीवरचे पट्टे बघत होती. निळ्याशेजारी शेवाळी, त्याच्याखाली आणखी निळा. धाकट्याला रंग मनात ठरवता येईना म्हणून त्याने सगळे लावून बघितले होते. तिला बाबा दिसले नाहीत, पण त्यांचं एक वाक्य ऐकू आल्यासारखं आठवलं. कुठल्याही गिऱ्हाइकाने "डोळ्यासमोर आणा, या कोपऱ्याला पोपटी कसा दिसेल?" असं विचारलं की बाबा म्हणायचे, "लावून बघू." नुसत्या बोलण्यावर त्यांनी कधी रंग ठरवला नाही. भिंतीवर हातभर पट्टा ओढायचा, तो वाळू द्यायचा, मग बोलायचं.

"बाबा लावून बघितल्याशिवाय रंग ठरवायचे का?" तिने विचारलं.

"कधीच नाही," धाकटा म्हणाला.

"मग या भिंतीचा रंग त्यांनी कुठे लावून बघितला?"

सगळ्यांनी खोलीभर पाहिलं. पांढऱ्या भिंती नितळ होत्या. एकाच ठिकाणी भिंत दिसत नव्हती. तिथे आईचं शिसवी कपाट होतं. या घरात ते एकदा ठेवलं, ते पुन्हा कुणाला हललेलं आठवत नव्हतं.

"त्याला हात लावायचा नाही," आई म्हणाली. "आत काचेचा सेट आहे."

सेट बाहेर काढला. सोबत तीस वर्षांत हरवलेल्या बऱ्याच गोष्टी निघाल्या. त्यात आत्याची एक कात्री होती, जी आपण नेलीच नाही असं आई दर वर्षी शपथेवर सांगत आली होती. कात्री आत्याने काही न बोलता पिशवीत टाकली. मग एका बाजूला धाकटा आणि वरचे काका, दुसऱ्या बाजूला थोरली आणि मॅडम, असे कपाटाला भिडले. "हं, जोर लावा!" आत्या खुर्चीवरून म्हणाली. कपाट हललं. काकांची पाठही हलली. ते "काही नाही, काही नाही" म्हणत जे वाकले ते वाकलेलेच राहिले, आणि त्यामुळे भिंतीचा खालचा भाग सगळ्यांत आधी त्यांनाच दिसला.

"बघा!" ते वाकूनच ओरडले. "गुलाबी!"

कपाटामागच्या भिंतीला पांढऱ्या रंगाचा हात दिलाच नव्हता. इथे कपाटच येणार, रंग कशाला वाया घालवा, असा रंगाऱ्याचा हिशेब. त्या जागेवर पट्टे होते. शेवाळी होता. राखाडी होता. निळा होता, आणि तो दवाखान्याचा नव्हता. प्रत्येक पट्टा हातभर, कडा सरळ, एका दमात ओढलेला. आणि खाली, गुडघ्याच्या जरा वर, एक गुलाबी.

"म्हणजे मी बरोबर!" आत्या म्हणाली.

"मीपण," धाकटा म्हणाला. "पण भिंतीला कुठला लावला?"

आई पुढे झाली. पदराने धूळ पुसता पुसता तिचा हात थांबला. "अगं बाई," ती म्हणाली. "थांबा. आठवलं मला."

"दिसलं का?" मॅडमनी पटकन विचारलं.

"दिसलं नाही गं, आठवलं. या घरात आलो तेव्हा असाच घोळ झाला होता. मला शेवाळी हवा होता, वन्संना निळा. सासरे होते तेव्हा, ते म्हणाले, राखाडी मळत नाही. यांना मी म्हटलं, 'अहो, जरा डोळे मिटा, खोली डोळ्यासमोर आणा आणि एक काय ते ठरवा.' तर म्हणाले, 'डोळे मिटले की मला अंधार दिसतो. लावून बघू.' आणि हे सगळे लावून बसले. मला वाटलं, निर्णय टाळायला सोंग करतायत. मी वैतागून आईकडे निघून गेले. परत आले तर भिंत तयार. विचारलं, कुठला लावलात? म्हणाले, 'सगळ्यांचा.' मला वाटलं, थट्टा करतायत."

"उरलेले सगळे डबे एकात ओतले!" धाकटा म्हणाला.

"म्हणून त्या भिंतीत ज्याला जो हवा तो रंग दिसत होता," मॅडम म्हणाल्या आणि टॅब मिटून पिशवीत ठेवला. त्यावर लिहिण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

थोरली अजून खालीच बघत होती. "हा गुलाबी कुणाचा? आणि एवढा खाली का?"

"तुझा," आई म्हणाली. "तू चार वर्षांची होतीस. सगळ्यांचे पट्टे वर, तू जमिनीवर फतकल मारून रडायला लागलीस, मला दिसत नाही म्हणून. हे गुडघ्यावर बसले आणि तुझ्या डोळ्यांच्या उंचीला तुझा पट्टा ओढला."

थोरली जमिनीवर बसली. बसल्यावर पट्टा नेमका डोळ्यांसमोर आला नाही, जरा खालीच राहिला. ती वाढली होती.

"आई," पट्ट्यावर बोट फिरवत ती म्हणाली, "डोळे मिटल्यावर अंधार दिसतो, असं खरंच म्हणाले ते?"

"कितीदा तरी म्हणायचे. मी कधी खरं धरलं नाही." आई तिच्याशेजारी टेकली. "तेव्हा आईकडे गेले होते ना, दोन दिवसही झाले नसतील, हे दारात हजर. अंगठ्यावर सगळे रंग तसेच. मी म्हटलं, इतक्यात कशाला आलात? म्हणाले, 'तू दिसत नाहीस ना. बघायला आलो.' मी समजले, लाडात बोलतायत. आईसमोर लाजले मी."

"असं घराण्यात असू शकतं कधीकधी," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "वडिलांकडून मुलीकडे."

आत्या नाक पुसत म्हणाली, "लहानपणी आई मला रागवायची, तू दादासारखी शहाणी नाहीस म्हणून. त्याला भुताची भीतीच वाटायची नाही. अंधारात सरळ चालत जायचा. आत्ता कळलं, मेल्याला भूत दिसतच नव्हतं!" आणि सगळ्यांत आधी तीच हसली. मग थोरलीजवळ येऊन तिने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बापावर गेलीस. मघाचं माझं बोलणं सोडून दे."

थोरलीला एक गोष्ट आठवत होती. ती शिकायला लांब राहत होती तेव्हा बाबा अधूनमधून वसतिगृहाच्या फाटकाशी उभे असायचे. कधी या भागात काम निघालं म्हणून, कधी बस चुकली म्हणून. आत यायचे नाहीत, चहा घ्यायचे नाहीत. तिच्याकडे नीट बघायचे. "काही नाही, सहज आलो. बघून जातो." मैत्रिणी हसायच्या, तुझ्या बाबांना कामं बरी इकडेच निघतात. नोकरी लागल्यावरही तेच. ऑफिसच्या दाराशी उन्हात उभे, कपाळाला रंग लागलेला. तिला कधीकधी घाई असायची, तरी ते तेवढंच म्हणायचे. बघून जातो. घरी बसून तिला डोळ्यासमोर आणणं ज्या माणसाला जमत नव्हतं, तो दर वेळी उठून आला होता. तिच्या वाट्याला बाबा कमी आले नव्हते. बाकीच्यांकडे ते आत्ता येत होते. तिच्याकडे सगळे आधीच येऊन गेले होते, दोन पायांवर, बसने.

"चला," धाकटा डोळे पुसून उठला. "डबे आणतो. पण प्रमाण काय होतं?"

"त्यांनी कुठे मोजलं होतं?" आई म्हणाली. "ओत सगळे."

दुकानातून गुलाबी तेवढा नव्याने आणावा लागला. दुकानदाराने विचारलं, "चौथा माणूस आला का घरात?" मोठ्या बादलीत आईने शेवाळी ओतला, आत्याने निळा, धाकट्याने राखाडी आणि थोरलीने गुलाबी. काकांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांना ढवळायला काठी दिली. भिंत दोन दिवसांत वाळली. आत्या चहाला आली, दारातच थांबली आणि तृप्त होऊन म्हणाली, "बघा. निळीच होती."

"शेवाळी," आई कप भरत म्हणाली.

कपाट पुन्हा जागेवर गेलं. मागचे पट्टे कुणी पुसले नाहीत.

मॅडमनी नंतर थोरलीची चाचणी परत एकदा घेतली. तिला पुन्हा एक मिळाला, आणि तो सांगताना तिने आवाज खाली केला नाही. पुढच्या आठवड्यात तिने ऑफिसातून उलट्या दिशेची बस पकडली आणि आईच्या दारावरची घंटा वाजवली. हाताला पीठ लागलेलं तसंच घेऊन आईने दार उघडलं.

"अगं, परवाच तर येऊन गेलीस. काही झालं का?"

"काही नाही," थोरली म्हणाली. चपला न काढता ती उंबऱ्यावरच उभी राहिली आणि तिने आईकडे नीट बघितलं. "सहज आले. बघून जाते."